वीडरच्या इंजिनाची गो-कार्ट: दहा मिनिटांत बंद, गार झाली की परत चालू

लक्षण आधी सांगतो. पॉवर वीडरचं (तण काढायच्या यंत्राचं) २१२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलेली घरगुती गो-कार्ट आठ-दहा मिनिटं मस्त पळते आणि बंद पडते. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी धरत नाही. वीस मिनिटं सावलीत उभी केली की दुसऱ्या ओढीला चालू. मग परत आठ-दहा मिनिटं.

कार्ट माझ्या भाच्याची. तो आणि त्याचे डिप्लोमाचे दोन मित्र दीड महिना तिच्यामागे लागले होते. तोवर तीन प्लग, दोन कॉइल आणि एक अख्खा नवा कार्बोरेटर झाला होता. "मामा, इंजिनच खराब हाय, दुसरं बघूया," इथवर आल्यावर मला बोलावणं आलं. माझा धंदा शेती अवजारांच्या दुरुस्तीचा. वीडर, पाण्याचे पंप, फवारणीचे एचटीपी पंप अशा सगळ्यांवर हेच इंजिन थोड्याफार फरकाने बसलेलं असतं. रोज दोन तरी उघडतो.

इंजिन म्हणजे बाजारात १७०एफ नावाने मिळतं ते: ७० मिलिमीटर बोअर, ५५ मिलिमीटर स्ट्रोक. घडण होंडाच्या जीएक्स२०० वरून घेतलेली, म्हणून खाली दिलेली मापं त्या घराण्याची आहेत. तुमच्या इंजिनाचं पुस्तक असेल तर त्यातलं माप खरं धरा. वीडरचा गिअरबॉक्स फुटल्यावर पोरांनी इंजिन तेवढं काढून घेतलं आणि चौकटीवर बसवताना पुढचे बदल केले. गव्हर्नरची (इंजिनाच्या फेऱ्या हद्दीत ठेवणाऱ्या यंत्रणेची) कांडी काढून थ्रॉटलला थेट केबल लावली. एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर. सायलेन्सर काढून सरळ पाइप. इंजिनावरची टाकी काढून सीटमागे प्लास्टिकचा कॅन. आणि फ्लायव्हीलपासून हेडपर्यंत येणारं पत्र्याचं लाल कव्हर काढून टाकलं, कारण "खालच्या फिन दिसल्या की बाइकचं इंजिन वाटतं."

हे सगळं बदलून झाल्यावर दोष प्लगमध्ये शोधत होते.

"कशी पडली?"

साखर कारखान्याचं गळीत संपलेलं होतं, त्यामुळे ऊस वाहनांचं यार्ड रिकामं. परवानगी काढून तिथेच चाचणी करायचो. (ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी नाही, विमा नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला ती दिसतसुद्धा नाही.) मी वही घेऊन कडेला बसलो. पहिल्यांदा बंद पडली तेव्हाचं बोलणं असं:

"मामा, परत पडली की ओ."

"कशी पडली?"

"कशी म्हंजे? बंद पडली."

सगळी गोम इथे होती. दीड महिन्यात एकाही पोराने ती कशी बंद पडते ते लिहून ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ती सात वेळा बंद पडली. दोनदा फटकन, बटण दाबावं तशी; दोन्ही वेळा डावीकडच्या आवळ वळणात. तीनदा सरळ पट्ट्यात, धापा टाकत: मिस मारते, पुन्हा धरते, पुन्हा मिस मारते, मग गप्प. आणि दोनदा, दुपारी ऊन चढल्यावर, हळूहळू. आवाज नीट, मिसिंग नाही, पण ओढ कमी कमी होत गेली आणि शेवटी क्लच सुटावा तशी थांबली.

तीन तऱ्हा म्हणजे तीन वेगळे दोष. शिवाय, पोरांनी यातला एक दोष दुसऱ्याच आठवड्यात बरोबर पकडला होता. पण तो काढल्यावरही गाडी बंद पडली (दुसऱ्या दोषामुळे), म्हणून "हे नव्हतं" असं ठरवून त्यांनी ती दुरुस्ती परत उलटी केली. दुखणं परत परत येत होतं ते यामुळे.

बंद पडली की या क्रमाने चार गोष्टी बघायच्या. टाकीचं टोपण सैल करून कान द्या: फुस्स असा आवाज येतो का? दोरी हळू ओढून कॉम्प्रेशन हाताला किती लागतं ते गार इंजिनाशी ताडून बघा. या इंजिनांत चालू करायला सोपं जावं म्हणून एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलणारी सोय कॅमवरच असते, त्यामुळे दोरी मुळातच हलकी; गार आणि गरम यांतला फरक महत्त्वाचा. मग जादा प्लग टोपीत बसवून, हेडला टेकवून करंट बघा. सगळ्यात शेवटी, सायलेन्सर गार झाल्यावरच, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून बाटलीत पेट्रोल सलग येतं का ते बघा. हा क्रम मोडू नका. करंट बघताना जवळ उघडं पेट्रोल असलं तर पुढची दुरुस्ती इंजिनाची उरत नाही.

फटकन: ऑइलचा सेन्सर

या इंजिनात ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोपीला खाली एक पळीसारखी जीभ असते. ती दर फेरीला तळाच्या ऑइलमध्ये बुडते आणि शिंतोडे उडवते. एवढंच वंगण. ऑइल जेमतेम ६०० मिली, आणि ते खाली गेलं तर इंजिन बंद व्हावं म्हणून तळात तरंगता स्विच बसवलेला. तो खाली बसला की कॉइल अर्थ होते, करंट जातो.

वीडर शेतात माणसाच्या चालीने चालतो. कार्ट आवळ वळण घेते तेव्हा ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढतं, स्विचला वाटतं ऑइल संपलं, आणि गाडी फटकन बंद. सरळ झाली की ऑइल परत जागेवर, म्हणजे लगेच चालू व्हायला हवी. मग वीस मिनिटं का लागायची? कारण बंद पडली की पोरं चोक पूर्ण ओढून दोरी मारत होती. गरम इंजिनात चोक लावून आठ-दहा ओढी मारल्या की प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतो. वीस मिनिटांत ते पेट्रोल उडून जायचं, इतकंच.

सेन्सरची वायर बहुतेक पिवळी असते, ब्लॉकमधून बाहेर येते. आधी ऑइलची पातळी बघा: इंजिन समपातळीत, ऑइल मापायची काडी आट्यांत न फिरवता नुसती आत टेकवून. आमच्या चौकटीवर इंजिनाची प्लेट वेल्डिंगमध्ये ओढली जाऊन एका अंगाला कलली होती, त्यामुळे काडी बरोबर दाखवायची आणि तळात ऑइल कमी. प्लेट सरळ केली, मगच पिवळी वायर सोडवून टेप लावली. वळणातलं बंद पडणं तिथेच संपलं.

पण सेन्सर खोटं बोलत नव्हता, हे ध्यानात ठेवा. लांब वळणात ती जीभ खरोखरच कोरडी फिरते. वायर काढली की दर खेपेला काडी बघणं तुमच्या गळ्यात आलं. आम्ही प्रत्येक पंधरा मिनिटांनी बघतो. ज्याला हा कंटाळा आहे त्याने वायर जोडलेलीच ठेवावी आणि वळण मोठं घ्यावं.

फटकन बंद पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे बंद करायच्या बटणाची काळी वायर चौकटीला घासून उघडी पडणं. ती कॉइलकडून सोडवून एक फेरी मारा, लगेच कळतं. फक्त मग गाडी थांबवायची कशी ते आधी ठरवून बसा. कॉइल बदलणं याच्याही नंतर. बदललीत तर मॅग्नेट आणि कॉइल यांत ०.४ मिलिमीटर फट ठेवा, जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी.

धापा टाकत: पेट्रोल पोचत नाही

कंपनीने टाकी इंजिनाच्या डोक्यावर ठेवली ती शोभेसाठी नाही. पेट्रोल वजनाने खाली येतं, पंप नाही. पोरांचा कॅन सीटमागे फरशीवर, त्याचा तळ कार्बोरेटरच्या वाटीपेक्षा चार बोटं खाली. भरलेला असताना गाडी पळायची, अर्ध्यावर आला की रडायची.

त्यात टोपणाला श्वास घ्यायला भोकच नव्हतं. पूर्ण ताकदीवर हे इंजिन तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे. नाही आली तर आत ओढ तयार होते आणि पेट्रोल नळीतच अडकतं. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी मागे जाऊन बघितलं तर कॅनच्या पोटाला खळी पडली होती, उसाचा रस संपल्यावर स्ट्रॉ ओढत राहिलं की पेल्याचं होतं तशी. टोपण सैल केलं, फुस्स झालं, खळी टक्कन भरून आली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गार व्हायला ठेवल्यावर ती चालू का व्हायची तेही कळलं: आट्यांमधून हवा हळूहळू आत झिरपायची. गार होण्याशी संबंध शून्य.

कॅन काढला. वीडरचीच जुनी पत्र्याची टाकी धुऊन, सीटच्या मागे स्टँड करून, कार्बोरेटरच्या वाटीपेक्षा वीतभर वर बसवली. तिच्या टोपणाला भोक असतंच, पण त्यात चिखल भरलेला. तारेने मोकळं केलं. टाकी खालीच ठेवायची असेल तर इंजिनाच्या ओढीवर चालणारा पडद्याचा पेट्रोल पंप बसवावा लागतो. नळी गरम पाइपावरून गेलेली होती तीही वळवली. एप्रिलच्या उन्हात पाइपाशेजारी पेट्रोल नळीतच उकळतं आणि वाफेचा बुडबुडा वाट अडवतो.

एवढं झाल्यावर धापा कमी झाल्या, गेल्या नाहीत. आता जेट, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड.

तपासायची सोपी युक्ती: मिस मारायला लागली की चालत्या गाडीत चोक अर्धा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर जास्त होतंय. आमची सुधारली. प्लगचं पोर्सेलिन चुन्यासारखं पांढरं. साहजिकच होतं, डब्याऐवजी उघडा फिल्टर आणि सरळ पाइप लावून हवा वाढवली, पेट्रोल तेवढंच. वर आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त हवं.

जेट मोठा करायच्या आधी एक बघा: कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधून फुकटची हवा जात नाही ना. आमच्याकडे जात होती. पॅकिंग फाटलं म्हणून पोरांनी सिलिकॉनचा सीलंट फासला होता. तो पेट्रोलने फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे आत जातात. नवीन पॅकिंग वीस-तीस रुपयांचं. जोडावर साबणाचं पाणी फवारून इंजिनाचा आवाज बदलतो का ऐका. कार्बोरेटर क्लीनर फवारायचा सल्ला ऐकाल, पण गरम पाइपाशेजारी मी तो फवारणार नाही.

मग जेट. मूळचा मेन जेट ०.७० मिलिमीटरच्या आसपास. ०.०५ ने वाढवायचा, त्याहून एकदम जास्त नाही. ०.७० चा ०.७५ केला की भोकाचं क्षेत्रफळ १५ टक्के वाढतं. एवढं बारीक ड्रिल हार्डवेअरच्या दुकानात मिळेना, तेव्हा हुपरीला गेलो. चांदीचं काम करणाऱ्यांकडे ही ड्रिलं आणि ती धरायचा हाताचा चक दोन्ही असतं. कारागिराने जेट चिमट्यात धरला, ड्रिल बोटांनी फिरवलं, पितळेचा केसासारखा भुगा पडला, काम अर्ध्या मिनिटाचं. पैसे घेतले नाहीत, "काय बनवताय" एवढंच विचारलं. मशीनवर धरू नका, भोक अंडाकार होतं. शिवाय एक मूळ मापाचा जेट जपून ठेवा, कारण वाढवलेलं भोक परत लहान होत नाही.

०.८० वर धापा थांबल्या. ०.८५ वर काळा धूर. परत ०.८० चा बसवला. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, कारण फिल्टर वेगळा, पाइप वेगळा.

हळूहळू: टॅपेट आणि तो लाल पत्रा

खरं तापण्याचं दुखणं एवढं एकच, आणि तेही स्वतःच ओढवून घेतलेलं. फ्लायव्हीलच्या पात्या हवा फेकतात; लाल कव्हर ती हवा सिलिंडरच्या आणि हेडच्या फिनवरून (इंजिन गार करणाऱ्या पातळ पट्ट्यांवरून) नेतं. कव्हर नसेल तर पात्या हवा चहूकडे उधळतात. बाइकचं इंजिन वाऱ्यात उघडं असतं, म्हणून त्याला चालतं. कार्टचं इंजिन सीटमागे, पत्र्याच्या आडोशाला. त्याला वारा लागतच नाही.

इंजिन तापलं, वर मिक्स्चर कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी). गार इंजिनावर फिलर गेज लावला. एग्झॉस्टचं टॅपेट (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांतली फट) ०.२० मिलिमीटर हवं, आमचं ०.०५ निघालं. इनलेटचं ०.१५ हवं, ते ०.१३ होतं. म्हणजे गरम झाल्यावर एग्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी वाढायची, उरलीसुरली फट संपायची, व्हॉल्व्ह जागेवर पूर्ण बसायचा नाही आणि कॉम्प्रेशन तिथून निसटायचं. ओढ कमी कमी होत जायची ती यामुळे. गार झाला की दांडी आखडायची, व्हॉल्व्ह बसायचा, गाडी चालू. इथे मात्र वीस मिनिटं खरोखर गार व्हायलाच लागत होती.

टॅपेट गार इंजिनावरच मापायचं, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीला. चुकून दुसऱ्या फेरीत मापलं तर भलताच आकडा येतो. ०.२० ची पाती किंचित अडत सरकली पाहिजे, ०.२५ ची जाता कामा नये. व्हॉल्व्ह काढून बघितला: कडेने थोडा भाजलेला, फुटलेला नाही. ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवला. लाल कव्हर भंगारातून परत आणलं; भाच्याने नाक मुरडलं, मी लक्ष दिलं नाही.

गव्हर्नरचं काय

यावर माझं आणि पोरांचं भांडण झालं, म्हणून वेगळं लिहितो. गव्हर्नर या इंजिनाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवतो. तो काढला की रिकामं इंजिन सहज त्याच्या खूप वर जातं, मूळच्या स्प्रिंगवर व्हॉल्व्ह वेळेत बंद न होता तरंगायला लागेपर्यंत. फ्लायव्हील बिडाचं असतं, कनेक्टिंग रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा. फ्लायव्हील फोडायला बघणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: ३६०० वरून ६००० वर गेलात तर २.८ पट. आणि हे फ्लायव्हील कार्टमध्ये कुठे असतं? तुमच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीला. अमेरिकेत या इंजिनांवर रेस खेळणारे गव्हर्नर काढतात, पण आधी अखंड धातूतून कापलेलं फ्लायव्हील आणि तसाच रॉड घालतात. ते इकडे मागवायचं तर इंजिनाच्या किमतीच्या वर खर्च. लाल कव्हर काढलेलं असताना गव्हर्नरही काढलेला होता, हे मला त्या दिवशी रात्री आठवलं आणि झोप लागली नाही.

कांडी परत जोडली. केबल आता थेट थ्रॉटलला न जाता गव्हर्नरच्या स्प्रिंगला ओढते, आणि टॅकोमीटर लावून वरची मर्यादा ३८०० ला बांधली. वेग हवा असेल तर तो चेनवर काढायचा. क्लचला १२ दात, ॲक्सलला ७२, मागचं टायर ११ इंची, म्हणजे ३८०० फेऱ्यांना ताशी ३३ किलोमीटर. उद्यमनगरात ६० दातांचं स्प्रॉकेट कापून घेतलं, तेवढ्याच फेऱ्यांना ४० झाले. इंजिनाला कळलंसुद्धा नाही. कापायला देताना चेन सोबत न्या. ४२० आणि ४२८ या दोन्ही चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) सारखाच १२.७ मिलिमीटर, पण रुंदी वेगळी; दात जाड कापले गेले तर ४२० त्यावर बसत नाही.

हे सगळं एका दिवसात केलं नाही. एक बदल, मग तीन फेऱ्या, मग वहीत नोंद: किती वाजता, कुठे, कशी पडली, टोपण उघडल्यावर आवाज आला का. पुढचा बदल त्यानंतर. आणि गाडी परत पडली म्हणून आधीची दुरुस्ती उलटी करायची नाही, पडण्याची तऱ्हा बदलली का ते बघायचं.

आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सलग चालते. पाच तास झाल्यावर एग्झॉस्टचं टॅपेट पुन्हा बघितलं: ०.१८. परत ०.२० केलं. मोठ्या स्प्रॉकेटच्या जागी लहान घातल्यापासून आवळ वळणातून उठताना क्लचला जळका वास येतो. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, क्लच धूर काढतोय." मी विचारलं, कधी काढतो? त्याने वही उघडल्याचा आवाज आला.